घास खाली उतरताना

४ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद पाकिटात घातलेच आहेत, ते नंतर काढ. आधी मजकूर वाच.

तू फोनवर म्हणालास, "तुझ्याशी बोललं की भांडण होतं. काय असेल ते लिहून कळव. आणि या वेळी सगळं कळव, बाबांच्या वेळेसारखं नको." बाबांच्या वेळेबद्दल मला जे सांगायचं होतं ते मी तेव्हाच सांगितलं आहे. 'त्याला उगाच धावपळ करायला लावू नकोस' हे बाबांचे शब्द होते, माझे नव्हेत. तू पोचलास तेव्हा सगळं आटोपलं होतं आणि 'या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही' म्हणून तू गेलास. तो विषय माझ्याकडून संपला. पण आईबद्दल सगळं कळवायचं तर मी खरोखरच सगळं कळवणार आहे, तेव्हा जेवताना हे पत्र उघडू नकोस.

आईला झटका आला त्याला आता तीन महिने होतील. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली, म्हणून उजवा हात आणि उजवा पाय गेला. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, हे तुला शाळेत शिकवलं होतं. तू त्या दिवशी नदीवर असशील. बोलण्याचं कामही बहुतेकांच्या मेंदूत डावीकडेच चालतं, त्यामुळे बोलणं गेलं. एक शब्द उरला आहे: "अगं." तहान लागली की अगं, पाठ खाजली की अगं, कामाच्या मावशींनी खिडकी उघडी टाकली की जरा मोठ्याने अगं. समजतं मात्र बरंचसं. टीव्हीवरचा माणूस चुकीचं काही बोलला की नाक मुरडते. अर्ध्याच चेहऱ्याने मुरडते, पण मुरडते.

आता वर्गात सांगते त्या क्रमाने. श्वास: ठीक, पडून राहिली की जराशी घरघर. पाणी: कमी पडतं, लघवीचा रंग गडद आहे. शौच: औषध दिल्याशिवाय नाही. झोप: दिवसा जास्त, रात्री कमी. ऊब: हातपाय गार असतात, पण मोजे तिला चालत नाहीत. चालणाऱ्या पायाने न चालणाऱ्या पायातला मोजा ढकलून काढते आणि माझ्याकडे बघते. अन्न: कमी.

सकाळी कॉलेजला जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर मी भरवते. दुपारी मावशी असतात. त्या आधी एका दवाखान्यात आया होत्या, आता आपल्याकडे येतात. माणूस चांगला आहे, बडबड फार आहे.

हे सगळं स्वयंपाकघरात, ओट्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहिते आहे. नर्सिंगच्या मुली मला मागून 'खांब' म्हणतात, हे तुला सांगायची दुर्बुद्धी मला एकदा झाली, तेव्हापासून तूही म्हणतोस. म्हण. माझ्या वर्गातली खुर्ची अजून कोरी करकरीत आहे. ती दुसऱ्या वर्गात नेऊ का, असं शिपायाने परवा विचारलं.

तुझी
ताई


११ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठोरंच. "अन्न कमी म्हणजे किती? आणि वर्गात तास घेतेस तशी उत्तरं देऊ नकोस." मला दुसरी पद्धत येत नाही. तेव्हा तास आहे असं समज आणि बस. तू तर क्रेनच्या केबिनमध्ये दिवसभर बसलेलाच असतोस.

घशात एक चौक आहे. नाकातून येणारी हवा मागून येते आणि पुढच्या नळीत जाते, ती श्वासनलिका. तोंडातून येणारा घास पुढून येतो आणि मागच्या नळीत जातो, ती अन्ननलिका. म्हणजे दोघांच्या वाटा एकमेकींना आडव्या जातात. असा चौक कोणी शहाण्याने बांधला नसता, पण आपल्याला मिळाला आहे तो असा. म्हणून गिळताना कंठ वर उचलला जातो, श्वासाच्या वाटेवर झाकण पडतं आणि तेवढा क्षण श्वास थांबतो. गळ्यावर बोट ठेव आणि थुंकी गिळून बघ. वर केबिनमध्ये तुला हसायला कोणी नाही. मान मागे गेली की श्वासाची वाट उघडी पडते. म्हणून बेशुद्ध माणसाला श्वास देताना मान मागे करतात आणि जेवणाऱ्याची हनुवटी खाली ठेवतात. आईचे घशाचे स्नायू एका बाजूने ढिले पडले आहेत, झाकण उशिरा पडतं. म्हणून पातळ पाणी चालत नाही, पावडर घालून घट्ट करावं लागतं. भाजी शिजवून, घोटून, गाळून. केळं कुस्करून. दूध घट्ट करून.

आता किती ते. माझ्या हातून चार-पाच चमचे जातात. मग तिला ठसका लागतो. मग ती डाव्या हाताने माझ्या ॲप्रनची कड धरते आणि खेचते. खेचते म्हणजे जोर लावून खेचते. इतके दिवस अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या हातात ही ताकद कुठून येते कळत नाही. मी विचारते, "पुरे?" ती म्हणते, "अगं!" आणि तोंड मिटते. मिटलं की मिटलं. मी वाटी उचलते.

मुलींना मी हेच शिकवते. रुग्णाने तोंड मिटलं, मान वळवली, हात झटकला, कपडा ओढला, तर तो नकार. त्यापुढे जबरदस्ती करायची नाही. ज्याला बोलता येत नाही त्याचा नकार आपण डोळ्यांनी ऐकायचा.

गिळण्याची तपासणी झाली आहे. थेरपिस्टबाई आल्या होत्या. त्यांच्यासमोर आईने अर्धी वाटी खाल्ली. त्या म्हणाल्या, "गिळणं अशक्त आहे, पण मऊ अन्न सांभाळून दिलं तर अडचण नाही." मग वजन का उतरतंय, असं मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "कधी कधी पेशंटला जगायचीच इच्छा राहत नाही." आणि त्यांनी पोटातून नळी बसवायचं सुचवलं. ते काय असतं ते पुढच्या पत्रात लिहिते, आत्ता भाजी लागेल.

तुला हसू येईल म्हणून एक गोष्ट. या आठवड्यात नवीन मुलींचा पहिला तास घेतला. 'जिवंत शरीराला काय काय लागतं?' असं दरवर्षी विचारते आणि त्या सांगतील ते फळ्यावर लिहिते. हवा, पाणी, अन्न, ऊब, झोप, घाण बाहेर टाकणं. दरवर्षी मागच्या बाकावरून एखादी म्हणतेच, "मॅडम, प्रेम!" आणि मी दरवर्षी सांगते, "ते पुढच्या वर्षी, मानसशास्त्राच्या तासाला." याही वर्षी सगळ्या हसल्या.

ताई


१८ फेब्रुवारी

धाकट्या,

नळीच्या संमतीचा तुझ्या सहीचा कागद आला. सोबतची चिठ्ठीही आली. "मी सही केली आहे. तू आजच्या आज कर. आईला उपाशी मारायचं असेल तर तसं स्पष्ट लिही."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी रोज पहाटे उठून भाजी गाळते, ती कोणाला उपाशी मारायला?

नळीबद्दल सांगते म्हटलं होतं. पोटावर, डाव्या बरगड्यांच्या खाली, एक लहानसं भोक पाडतात आणि तिथून नळी थेट जठरात सोडतात. जेवण पातळ करून त्यातून घालायचं. तोंड, जीभ, घसा, कशाशीच संबंध नाही. ठसका नाही, चव नाही, वेळ लागत नाही. मोठं ऑपरेशन नाही, लोक अशा नळीवर वर्षानुवर्षं जगतात आणि ज्यांना गिळताच येत नाही त्यांना ती वरदान आहे. हे सगळं मला मान्य आहे. मी ते परीक्षेला विचारते. हॉस्पिटलचं म्हणणं इतकंच, की आईला स्वतःला सही करता येत नाही, तेव्हा दोन्ही मुलांची हवी, म्हणजे नंतर आपसात वाद नको. त्यांना आपली ओळख लवकर पटलेली दिसते.

मग मी सही का करत नाही? नीट ऐक, कारण हे मी पुन्हा लिहिणार नाही. आईकडे आज बोलायला दोनच गोष्टी आहेत. एक 'अगं' आणि दुसरी मिटलेलं तोंड. नळी बसली की मिटलेल्या तोंडाला काही अर्थ उरणार नाही. ती नको म्हणेल आणि खालून नळीतून जेवण जातच राहील. तिचं वजन वाढेल. तू खूश, डॉक्टर खूश. पण तिला खरंच नको असेल तर? तिचा नकार मी सही करून काढून घेऊ?

तू म्हणशील, पोटात एक आणि ओठात एक. म्हण. पण तू तिथे क्रेनवर आहेस आणि तोंड मिटलेली बाई इथे माझ्यासमोर आहे. दुरून डोंगर साजरे.

एक लिहायचं राहून गेलं होतं. दुपारी मावशींच्या हातून ती बऱ्यापैकी खाते. कधी कधी अख्खी वाटी. दुपारी तिला जरा हुशारी असते, त्यामुळे असेल.

ताई


२५ फेब्रुवारी

धाकट्या,

"मावशींच्या हातून खाते आणि तुझ्या हातून नाही, याचा अर्थ काय?" एवढीच एक ओळ पाठवायला तू पाकीट आणि तिकीट वाया घालवलंस.

अर्थ काय ते मलाही हवं होतं. म्हणून मी रीतसर तपासलं. दोन दिवस रजा टाकली. दुपारी मी भरवलं आणि मावशींना संध्याकाळी थांबायला सांगितलं. वाटी तीच, भाजी तीच, चमचा तोच. दुपारी माझ्या हातून पाच चमचे, ठसका, ॲप्रनला हिसका, तोंड बंद. संध्याकाळी मावशींच्या हातून सगळी वाटी, वर केळं. म्हणजे दुपारचा काही संबंध नाही.

मग मावशींना विचारलं, "तुम्ही वेगळं काय करता?"

त्या घाबरल्याच. "काही नाही हो ताई. मी आपली स्टुलावर टेकते, गुडघे उभं राहू देत नाहीत मला, आणि सुनेच्या कागाळ्या सांगते. त्या ऐकतात मन लावून. ऐकता ऐकता खातात."

मला पटलं. आईला कागाळ्या पहिल्यापासून आवडतात. म्हणून दुसऱ्या दिवशी मीही सांगितल्या. आमच्या प्राचार्यांच्या. त्यांनी ग्रंथालयाच्या पंख्याचं उद्घाटन कसं केलं, हार घालायला पंखा बंद कसा करावा लागला आणि मग तो पुन्हा सुरूच कसा झाला नाही, सगळं साभिनय. ती हसली. धाकट्या, ती अर्ध्या तोंडाने खरोखर हसली. आणि ठसकली, ॲप्रन खेचला, तोंड मिटलं.

त्यानंतर मला काही शंका उरली नाही. अन्न नको आहे असं नाही. जगणं नको आहे असंही नाही. मी नको आहे.

हे लिहिताना मला वाईट वाटतं आहे, ते लपवत नाही. तू लहान असताना एका जेवणाला दुपार लावायचास. आई वाटी घेऊन तुझ्यामागे खोलीभर फिरायची, खिडकीतला कावळा, रस्त्यावरचा ट्रक, सगळं दाखवत एकेक घास तुझ्या तोंडात घालायची. मी तेव्हा ओट्याशी उभ्याने जेवून, वेणी स्वतः घालून शाळेत जायचे. तक्रार म्हणून सांगत नाही. मोठ्या मुलीचं असंच असतं. पण बाबा गेल्यापासून या घरात मीच आहे, औषधं मी देते, कूस मी बदलते, कपडे मी बदलते. त्या सगळ्याला ती काही म्हणत नाही. फक्त घास माझ्या हातचा नको. तिला कोणाच्या हातचा हवा असेल ते तुला कळतं आणि मलाही कळतं. तू ये असं मी म्हणत नाही.

मागच्या पत्रात मी तिच्या नकाराबद्दल मोठमोठं लिहिलं. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. सही केली तर मला भरवता येत नाही हे कबूल करावं लागेल, हे उरलेलं अर्धं. तीस वर्षं भरवायला शिकवणाऱ्या बाईला स्वतःच्या आईला भरवता येत नाही. ते घशाखाली उतरत नव्हतं.

आज डॉक्टरांनी वजन पाहिलं आणि सरळ सांगितलं की आणखी थांबलो तर नळी बसवायचीही ताकद तिच्यात उरणार नाही. दुपारच्या एका वाटीवर माणूस जगत नाही. मावशींना मी तिन्ही वेळा थांबायला विचारलं. त्यांच्या घरी आजारी नवरा आहे, जमणार नाही. मी सही केली. सहा मार्चला सकाळी नळी बसवतील. तू जिंकलास म्हण.

ताई


२ मार्च, दुपार

धाकट्या,

हे कॉलेजातून लिहिते आहे. मधली सुट्टी आहे आणि माझा डबा तसाच पडला आहे.

आज नवीन मुलींचं भरवण्याचं प्रात्यक्षिक होतं. ते दरवर्षी मीच घेते. दोघी-दोघींच्या जोड्या करायच्या. एक रुग्ण, एक नर्स. रुग्ण झालेलीने उजवा हात पाठीमागे ठेवायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. नर्स झालेलीने एक वाटी कुस्करलेलं केळं भरवायचं. दुसऱ्याच्या वेगाने, दुसऱ्याच्या हाताने गिळणं म्हणजे काय, हे पुस्तकात कळत नाही, म्हणून ही सोय.

यंदा मुली जास्त आणि स्टुलं कमी. काही स्टुलं दुरुस्तीला गेली आहेत, ती आमच्या निवृत्तीनंतर येतील. त्यामुळे खिडकीजवळच्या जोडीतल्या नर्सला स्टूल मिळालं नाही. ती उंच मुलगी उभ्यानेच भरवत होती. मी दुसऱ्या टोकाला होते. ठसका ऐकू आला म्हणून वळले. रुग्ण झालेली बुटकी मुलगी डाव्या हाताने त्या उंच मुलीच्या ॲप्रनची कड धरून खेचत होती. जोर लावून.

उंच मुलगी म्हणाली, "मॅडम, ही नको म्हणते. थांबवू का?"

बुटकीने नियम मोडला. "नको कुठे म्हणतेय मी! खाली बस म्हणतेय! वर बघून बघून मान मोडली माझी, घास सगळा भलतीकडे जातोय!"

सगळा वर्ग हसला. मी हसले नाही. मी फळ्याकडे गेले आणि डस्टर घेऊन फळा पुसला. फळ्यावर काही नव्हतं.

धाकट्या, ते वाक्य माझंच आहे. दरवर्षी मी ते मुलींना लिहून घ्यायला लावते: भरवणाऱ्याने बसायचं, आपले डोळे खाणाऱ्याच्या डोळ्यांच्या खाली ठेवायचे, म्हणजे त्याची हनुवटी आपोआप खाली येते. दरवर्षी सांगते, आणि उभी राहून सांगते. वर्गात उभी, ओट्याशी उभी, आईच्या खाटेशी उभी. वरून चमचा. ती माझ्याकडे बघायला मान वर करते आणि मी तिच्या श्वासाच्या वाटेत गाळलेली भाजी घालते. मावशी बसतात, कारण त्यांचे गुडघे दुखतात. थेरपिस्टबाईही खुर्ची ओढून बसल्या होत्या. मी ते पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे समोर होतं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी इतरांना फार वेळा ऐकवली आहे.

हा अंदाज आहे. खरं-खोटं अजून ठरायचं आहे. पुढचा तास रद्द करून घरी जाते.


तोच दिवस, संध्याकाळ

मावशींचं स्टूल घेतलं. ते फार बुटकं आहे, माझे गुडघे छातीशी आले. आईने आधी स्टुलाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. खाली, माझ्याकडे. तिचा चेहरा इतक्या दिवसांत मी या बाजूने पाहिलाच नव्हता. तिच्या हनुवटीखाली एक छोटा तीळ आहे, तो तुला माहीत असेल, तुला मांडीवरून दिसत असणार.

पहिला चमचा. कंठ वर गेला, खाली आला. ठसका नाही. दुसरा. पाचव्या चमच्याला तिने सवयीने ॲप्रन धरला. मी थांबले. तिने खेचला नाही. नुसता धरून ठेवला आणि तोंड उघडलं.

सगळी वाटी गेली, मग केळं, मग घट्ट केलेलं दूध. मी तिला विचारलं, "मी खाली बसावं एवढंच सांगत होतीस?" ती म्हणाली, "अगं!" हे 'अगं' माझ्या ओळखीचं आहे. मी गणितात सोपी चूक केली की लहानपणी ती अशीच म्हणायची.

ती माझ्यावर रागावलेली नव्हती. तिची मान दुखत होती.

मग मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. हेही कळवते, कारण सगळं कळवायचं ठरलं आहे. तिची कूस बदलताना, अंग पुसताना, औषध देताना मी इतके दिवस मनातून कुढत होते, आणि ती बिचारी रोज दोन वेळा मला एकच गोष्ट सांगत होती. उपाशी राहून सांगत होती.

उद्या हॉस्पिटलात जाते. सही परत घेता येते का, विचारते.

ताई


५ मार्च

धाकट्या,

सही परत घेता येते. डॉक्टरांनी आधी ऐकून घेतलं नाही, मग थेरपिस्टबाईंना बोलावलं. मी त्यांच्यासमोर भरवून दाखवलं. माझ्या आयुष्यातली ही पहिली प्रात्यक्षिक परीक्षा जिच्यात मला घाम फुटला. त्या म्हणाल्या, "मग इतके दिवस काय होत होतं?" मी सांगितलं काय होत होतं. त्यांनी मान खाली घालून शेरा लिहिला. भल्या बाई आहेत.

उद्याची नळी रद्द झाली आहे. कायमची टळली असं समजू नकोस. पंधरा दिवसांनी वजन बघतील, वाढलं नाही तर पुन्हा तोच विषय, आणि तेव्हा मी वाद न घालता सही करीन. तुझा कागद मी फाडलेला नाही. लघवीचा रंग मात्र आज फिका आहे.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. आज सकाळी आणखी एक झालं, ते कळवावं की नाही याचा दिवसभर विचार केला.

सकाळी मी स्टुलावर बसून भरवत होते. शेवटचा चमचा राहिला. तिने तोंड मिटलं. ॲप्रन ओढला नाही, ठसका नाही. नुसती चमच्याकडे बघत राहिली. मी विचारलं, "पुरे?" तिने नाही म्हणून मान हलवली. बराच वेळ ओठ जुळवत होती. मग म्हणाली,

"पिल्लू जेवला?"

स्पष्ट. दोन शब्द, आणि प्रश्न विचारताना आवाज जसा वर जातो तसा वर गेलेला. झटका आल्यापासून 'अगं'शिवाय तिच्या तोंडातून आलेले हे पहिले शब्द. मी थेरपिस्टबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आयुष्यभर रोज म्हटलेलं वाक्य कधी कधी असं आपोआप बाहेर येतं, पुढे बोलणं येईलच असं नाही, फार अर्थ लावू नका. मी लावत नाही. टक्कल पडलेल्या, क्रेन चालवणाऱ्या, पन्नाशीच्या माणसाला पिल्लू म्हणणं किती शहाणपणाचं, हाही प्रश्नच आहे.

मला लागलं, हे खरं. तिच्यासमोर गुडघे मुडपून मी बसले होते. तिने मला विचारलं नाही. मी जेवलेही नव्हते. वाटलं, हे याला कशाला सांगायचं, हे माझ्यापाशीच राहू दे. मग वाटलं, हे ठेवून घेतलं तर तू माझ्याबद्दल जे म्हणतोस ते खरं ठरेल. म्हणून लिहिलं.

मी तिला म्हणाले, "हो, जेवला." तेव्हा तिने तोंड उघडलं आणि शेवटचा चमचा घेतला.

संध्याकाळी पुन्हा तेच. शेवटचा चमचा, मिटलेलं तोंड, "पिल्लू जेवला?" उत्तर मिळाल्याशिवाय ती घास घेत नाही, आणि मी उत्तर देताना ती माझ्या डोळ्यांत बघते. मी बसलेली असते, त्यामुळे मान वळवायला जागा नाही. पुन्हा अंदाजानेच हो म्हणाले. पण तुझा काय नेम. तू लहानपणीही वाटी तशीच ठेवून पळायचास.

धाकट्या, तू जेवलास का?